टाकीचं झाकण

कारखान्यात त्यांना सगळे बुडबुडे म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबाने भाषणातच म्हटलं तेव्हा ते स्वतःही हसले होते. कारखाना पत्र्याच्या डब्यांचा होता. तेलाचे डबे, रंगाचे डबे, दुधाच्या पावडरीचे डबे. तयार डबा पाण्यात बुडवायचा, आत हवा सोडायची आणि नजर लावून बसायचं. एक बुडबुडा वर आला की डबा परत. बाकीचे तपासनीस जेवणाची सुट्टी जवळ आली की एखाद्या बुडबुड्याकडे कानाडोळा करत. हे मात्र तो डबा उचलून कथलाचा डाख देणाऱ्याच्या टेबलावर नेऊन आपटत. पुढे पुढे त्यांचा कोणावर विश्वासच उरला नाही, तेव्हा कथील, नवसागर आणि तांब्याची सळई घेऊन ते स्वतःच भोकं बुजवायला बसू लागले. त्यांनी डाख दिला की पत्रा कुठे संपला आणि कथील कुठे सुरू झालं ते बोट फिरवूनही कळत नसे. माणूस साधा, कोणाच्या अध्यातमध्यात नाही, पण या एका बाबतीत पक्का गर्विष्ठ. आणि तो गर्व कोणाला खुपत नसे, कारण त्यात खोट नव्हती.

तर या बुडबुड्यांच्या फाटकाबाहेर त्या दिवशी सकाळी त्यांच्या सुनेचा भाऊ येऊन उभा राहिला. फाटक उघडंच होतं. पूर्वी तो हॉर्न वाजवत थेट ओट्यापर्यंत यायचा आणि आल्या आल्या बहिणीकडे चहा मागायचा. आज तो फाटकाच्या दांडीवर हात ठेवून, परक्या माणसासारखा थांबला होता.

"काका, गाडी सुटली म्हणे पोलिसांकडून."

"सुटली."

"मला द्याल थोडे दिवस?"

"कशाला? अर्धवट ठेवलेलं काम पुरं करायला?"

त्याने ते गिळलं. गेल्या काही महिन्यांत त्याला असलं बरंच गिळावं लागलं होतं. गालफडं बसली होती, आणि ज्याच्या नखांतलं काळं ग्रीस कधी कोणी गेलेलं पाहिलं नव्हतं त्याची नखं आता स्वच्छ होती. मेकॅनिकची नखं स्वच्छ असणं ही काही बरी गोष्ट नव्हे.

"माझी चूक काय झाली ते मला बघायचंय," तो म्हणाला. "गॅरेज बंद केलंय मी. कोणाच्या गाडीला हात लावायचा धीरच होत नाही. एकदा कळू दे काय राहिलं माझ्याकडून, मग तुम्ही म्हणाल ते."

अंगणात सून वाळलेले कपडे काढत होती. तिने सगळं ऐकलं. भावाकडे मान वळवली नाही, अर्धे ओले कपडेही तसेच ओढून घेतले आणि ती आत निघून गेली. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

दवाखान्यात झालं होतं ते असं. बुडबुड्यांच्या मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, त्याआधी बरेच दिवस तक्रार चालवली होती की मोटारसायकल गावात नीट चालते, पण हायवेला ऐंशीच्या पुढे काही वेळ पळवली की तिचा दम जातो. मूठ कितीही पिळा, मागून कोणी धरून ठेवल्यासारखी मागे मागे येते. बाजूला घेऊन जरा थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चालते. "म्हातारी झालीय, बाबांसारखी. विश्रांती लागते," असं तो बापाच्या देखत म्हणायचा आणि बाप लटकं रागवायचा. शेवटी त्याने गाडी मेहुण्याकडे टाकली. मेहुण्याने कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, गावात दोन चकरा मारल्या आणि सांगितलं, "घेऊन जा, लोण्यासारखी चालतेय." त्याच आठवड्यात हायवेवर एका ट्रकला मागे टाकताना समोरून दुसरा ट्रक आला. मागच्या टेम्पोवाल्याने पाहिलं होतं. तो सांगत होता, "अहो, जागा भरपूर होती. निम्मा पुढे गेला होता तो. आणि मधेच गाडीचा जीवच गेला. पोरगा मूठ पिळतोय, पिळतोय, गाडी हलेना."

हे ऐकलं आणि बुडबुड्यांनी दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात, सगळ्यांच्या समोर सुनेच्या भावाची कॉलर धरली. "तू मारलंस त्याला. लोण्यासारखी म्हणालास ना? तू मारलंस." सून बाकावर बसली होती. तिने भावाकडे एकदा पाहिलं. तो काहीतरी बोलेल, नाही म्हणेल, याची वाट तिने पाहिली असावी. तो काहीच बोलला नाही, कारण त्यालाही तेच वाटत होतं.

सासू आधीच गेलेली. आता घरात उरले सासरा आणि सून. आई-बाप नव्हते तिला, माहेर म्हणजे हा एक भाऊच, आणि ते दारही तिने आपल्या हाताने लावून घेतलं. शेजारणीने एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "ज्याने यांचा घास घेतला त्याच्या घरी जाऊन मी जेवू?" बुडबुड्यांनी ते आतल्या खोलीतून ऐकलं आणि त्यांना बरं वाटलं. नंतर लाजही वाटली, पण आधी बरंच वाटलं.

म्हणून आता ते म्हणाले, "ने गाडी. पण मी समोर बसणार. तू काय उघडतोस, काय लपवतोस, सगळं मला दिसलं पाहिजे."

"बसा काका," तो म्हणाला. "मलाही कोणीतरी समोर हवंच आहे."

ताडपत्री ओढली तेव्हा गाडी दिसली. हँडल वाकलेलं, पुढचा दिवा फुटलेला, एका बाजूला रंग खरवडून पत्रा उघडा पडलेला. टाकीला मात्र धक्का लागला नव्हता. आतलं पेट्रोल पोलिसांच्या आवारात कोणीतरी नळी लावून ओढून घेतलं होतं, पण झाकण आपल्या जागी, चकचकीत. त्या झाकणाकडे पाहून बुडबुड्यांना गलबलून आलं.

गाडी मूळची त्यांचीच. मुलगा टाकीवर पुढे बसायचा तेव्हापासूनची. गेल्या पावसाळ्यात ती सकाळी सुरू होईना, तेव्हा मुलाने पेट्रोल बाटलीत काढून पाहिलं तर तळाशी पाणी. बुडबुड्यांनी झाकण हातात घेतलं, डोळ्याशी धरलं, आणि त्यांना वरच्या खाचेत सुईच्या अग्राएवढं भोक दिसलं. "हे बघा! भोक पडलंय झाकणाला. आणि तुमचे मेकॅनिक हजार गोष्टी उघडतात, पण हे कोणाला दिसत नाही." त्यांनी ट्रंकेतून जुनी हत्यारं काढली. आतला रबरी वायसर काढून ठेवला, झाकण पुसून वाळवलं, सळई तापवली. सुनेला हौस फार, ती म्हणाली, "बाबा, मी धरते." तिने पक्कडीत झाकण उलटं धरलं आणि त्यांनी आतल्या बाजूने डाख दिला, म्हणजे वरून कोणाला खूणही दिसू नये. कथलाचा एक तापलेला थेंब उडून तिच्या मनगटावर पडला. तिने ओठ दाबला, पण पक्कड हलू दिली नाही. "शाब्बास," ते म्हणाले, "कारखान्यात असा एक हात मला मिळाला असता तर!" मग नवा वायसर बसवला. आणि मग बादली आणून तपासणी. वरच्या खाचेवर तोंड दाबून, खालची बाजू पाण्यात बुडवून त्यांनी गाल फुगवून फुंकलं. सून आणि मुलगा दोन्ही बाजूंनी वाकून बघत होते. एक बुडबुडा नाही. मुलाने टाळ्या वाजवल्या. तिघं एकत्र असं हसल्याचं त्यांना आठवणारं ते शेवटचं काम होतं. पावसाळा संपला आणि मुलाला हायवेवरच्या गोदामात नवी नोकरी लागली.

गॅरेजचं शटर चढवलं तेव्हा आतून कुबट वास आला. बुडबुड्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि हाताची घडी घालून ते बसले, कारखान्यात बसायचे तसे. मेकॅनिकने हँडल सरळ केलं, दिवा बदलला, ब्रेक पाहिले. मग पेट्रोल घालून गाडी सुरू केली. तो आवाज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा आणि घरात ताटं मांडली जायची.

"चालतेय ना नीट," बुडबुडे म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्याहून कडू निघाला.

"इथे चालणारच. इथे ती मला त्या दिवशीही फसवून गेली."

त्याने कामाला हात घातला. प्लग काढून दाखवला. "रंग बघा, विटकरी. जिभेवरून तब्येत कळते तसं याच्यावरून कळतं. तब्येत चांगली आहे." कॉइल तापली की दगा देते, म्हणून दुसरी बसवली. क्लच सरकतोय का पाहिलं, चाकं मोकळी फिरतात का पाहिलं, कार्बोरेटर पुन्हा खोलून एकेक बारीक भोक उजेडाकडे धरून तपासलं. प्रत्येक वस्तू तो बुडबुड्यांच्या समोर कापडावर मांडत होता. सुरुवातीला बुडबुडे त्यात त्याची चूक शोधत होते. मग नकळत ते त्याचे हात बघायला लागले. हात चांगले होते. घाई नव्हती, कानाडोळा नव्हता. हे त्यांना आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच हायवेला जाऊन आला. गाडी ऐंशीने पळवली, नव्वदने पळवली, कुठे काही नाही. परत येऊन तो पायरीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"सापडेना?" बुडबुड्यांनी विचारलं.

"बिघाड असता तर बरं झालं असतं हो. काहीच नाही म्हणजे काय समजायचं? पोराने उगीच ट्रकपुढे घातली?"

पोरगा तसा नव्हता. बापाला मागे बसवलं की तो रिक्षावाल्यांनाही वाट द्यायचा. आतापर्यंत त्यांना या माणसाची चूक निघायला हवी होती. आता त्यांना कोणाची तरी निघायला हवी होती, पण पोराची नको.

मेकॅनिकने तोंडावरचे हात काढले. "काका, त्या दिवशी टाकीत पेट्रोल किती होतं?"

"त्याचा काय संबंध?"

"माहीत नाही. मी आज थोडंसंच घालून गेलो होतो. त्याची गाडी माझ्याकडे आली तेव्हाही तळालाच होतं. सगळं करून बघितलंय, तेवढं एकच करून बघितलं नाही."

बुडबुड्यांना ती सकाळ आठवायची नव्हती, पण ती पाठ होती. बूट घालताना मुलगा म्हणाला होता, आज टाकी फुल करून घेतो, आठवडाभर कटकट नको. "भरलेली," ते म्हणाले. "काठोकाठ."

"मग भरून बघू."

"मीही येणार."

"काका, हायवे आहे. गाडी खरंच दमली तर—"

"माझा पोरगा बसला होता ना त्याच्यावर? मग मलाही बसू दे."

टाकी भरली आणि ते निघाले. दुपार उलटून गेली होती. गाव मागे पडलं, रस्ता रुंद झाला, काटा ऐंशीवर गेला. बुडबुड्यांनी मेकॅनिकच्या खांद्याला धरलं होतं आणि त्यांना तो खांदा मुलाचा नाही हे क्षणोक्षणी जाणवत होतं. गाडी मस्त पळत होती. शेतं गेली, पेट्रोल पंप गेला, एक मोठी कमान गेली. बुडबुड्यांना वाटलं, काहीच होणार नाही. आणि मग झालं. आधी आवाज किंचित पातळ झाला. मग मागून कोणी पदर धरावा तशी गाडी अडखळली. मेकॅनिकने मूठ पूर्ण पिळलेली त्यांना दिसत होती. काटा खाली येत होता, सत्तर, साठ, आणि मागून एक ट्रक भोंगा वाजवत अंगावर आला आणि वाऱ्याचा झपाटा देऊन निघून गेला. बुडबुड्यांनी डोळे मिटले. त्यांच्या पोराने शेवटी जे पाहिलं असेल, ऐकलं असेल, ते त्यांना आता कळलं होतं.

गाडी कशीबशी कडेला आली. मेकॅनिकने वेळ घालवला नाही. तिथेच मातीत गुडघे टेकून त्याने प्लग काढला. "पांढरा पडलाय. पेट्रोल पोचत नाही हिला." मग त्याने कार्बोरेटरची नळी ओढून काढली. भरल्या टाकीतून पेट्रोलची धार लागायला हवी, तर थेंब थेंब पडत होतं, आणि तेही बंद होत आलं. "टाकी फुल आहे आणि खाली येत नाही? नळ तर साफ आहे." तो उठला. किल्ली लावून त्याने टाकीचं झाकण फिरवलं.

सूं.

आवाज लहानसा होता, पण लांबला. कोणीतरी खूप वेळ दाबून धरलेला श्वास आत ओढून घ्यावा तसा. खाली नळीतून पेट्रोल भळाभळा वाहायला लागलं आणि मातीत मुरायला लागलं.

मेकॅनिकला अजून उमजत होतं. बुडबुड्यांना उमजून चुकलं होतं. हा आवाज त्यांना कोणी शिकवायला नको होता. दुधाच्या पावडरीचा डबा, आतली हवा काढून बंद केलेला, पहिल्यांदा उघडला की हाच आवाज करतो. हा आवाज आला की साहेब मान डोलवायचा. हा आवाज म्हणजे काम चोख झालं.

मेकॅनिकने झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला डाळीच्या दाण्याएवढा एक चकचकीत ठिपका होता. त्याने त्याच्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला कुठे कड लागली नाही. त्याने पुन्हा फिरवला. त्याच्या बहिणीच्या घरात कळशीपासून कंदिलापर्यंत असे ठिपके त्याने पुष्कळ पाहिले होते.

"काका," तो खाली बघत म्हणाला, "हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पेट्रोल जितकं खाली जातं तितकी हवा वरून यायला लागते. टाकी भरलेली असली की आत हवा थोडीच, मग फार लवकर..."

"मग डबा आतून ओढून धरतो," बुडबुडे म्हणाले. "मला नको शिकवूस. सगळी हयात तेच केलंय मी."

ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. त्यांना रडू येत नव्हतं. ट्रक जात होते, येत होते.

मेकॅनिक त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "मी झाकण उघडलं होतं हो त्या दिवशी. पेट्रोल किती आहे ते बघितलं आणि परत लावलं. उलटं करून नाही बघितलं. ज्याचं हे कामच आहे त्याने बघायला हवं होतं. भोक बुजलेलं असू शकतं हे मला माहीत असायला हवं, तुम्हाला नाही."

"मला धीर देऊ नकोस."

"धीर नाही देत. ऐका माझं. घरी मी सांगतो. कार्बोरेटरची सुई झिजली होती, माझ्या नजरेतून सुटली. तिच्या मनात तसाही मीच आहे. त्यात नवीन काय? तुम्हा दोघांना एका घरात राहायचंय."

बुडबुड्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ज्याची कॉलर त्यांनी धरली होती, ज्याला त्यांनी खुनी म्हटलं होतं, तो हे बोलत होता. आणि त्याला अर्धंच ठाऊक होतं. पक्कड कोणी धरली होती ते त्याला ठाऊक नव्हतं.

झाकण लावायचं नाही म्हणून त्याने टाकीच्या तोंडाला कापड बांधलं आणि झाकण बुडबुड्यांच्या हातात दिलं. परतीच्या वाटेवर गाडी एकदाही दमली नाही. ऐंशीने, नव्वदने, कुठेही अडखळली नाही. बुडबुड्यांना वाटत होतं, एकदा तरी अडखळ. अजून एकदा अडखळ, म्हणजे दुसरं काहीतरी निघेल. ती पळतच राहिली, त्यांच्या तरुणपणी पळायची तशी.

ते मागे बसून विचार करत होते. सांगितलं तर हिला भाऊ परत मिळेल. पण सांगितलं तर हिला हेही कळेल की आपण ओठ दाबून, हात न हलवता, काय धरून ठेवलं होतं. न सांगितलं तर तिच्या जिवाला तेवढी झळ लागणार नाही. आणि न सांगितलं तर आपलं म्हातारपण सुखाचं जाईल, ती ताट वाढत राहील, बाबा म्हणत राहील. स्वतःची सोय आणि सुनेवरची दया यांचा सांधा असा बेमालूम बसला होता की बुडबुड्यांना स्वतःचीच शिसारी आली. मग त्यांना मधली वाट दिसली. दोष आपल्यावर घ्यायचा, पूर्ण घ्यायचा, आणि तिला त्यातून काढायची.

गाडीचा आवाज गल्लीत शिरला तेव्हा सून धावत ओट्यावर आली. क्षणभर तिचा चेहरा जसा झाला तसा बुडबुड्यांना पुन्हा कधी पाहायचा नव्हता. मग तिने दोघांना ओळखलं आणि ती दाराच्या चौकटीला टेकली.

"काय निघालं?" तिने सासऱ्याला विचारलं.

"माझ्या हातून—" भावाने सुरुवात केली.

"तू थांब," बुडबुडे म्हणाले. ते पायऱ्या चढले नाहीत. खाली अंगणातच उभे राहून त्यांनी मूठ उघडली. तळहातावर झाकणाची वर्तुळाकार खूण उमटली होती. "याची चूक नाही पोरी. कणभर नाही. मी हे भोक बुजवलं होतं, ते हवेसाठी असतं. त्याने पेट्रोल अडलं. मी मारलं आपल्या पोराला. मी. तू घरात नव्हतीस तेव्हा मी एकट्याने बसून हे केलं."

आधी सुनेला कळलंच नाही असं वाटलं.

"मी होते, बाबा."

"नव्हतीस. तू बाजारात गेली होतीस. मला चांगलं आठवतंय."

"पक्कड मी धरली होती," ती म्हणाली.

तिने हात उलटा केला. मनगटावर तो पांढरट डाग होता, लहानसा, डाळीच्या दाण्याएवढा. भावाने तो पाहिला, मग झाकणावरचा ठिपका पाहिला, आणि तो भिंतीला धरून खाली बसला. बुडबुडे काहीतरी म्हणत होते, तुला काय ठाऊक, तुला मी सांगितलं म्हणून तू धरलंस, पोरी, तुझा काय दोष, पण ते काय म्हणत होते ते त्यांचं त्यांनाही ऐकू येत नव्हतं.

ती पायऱ्या उतरून आली. तिने झाकण त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि उजेडाकडे धरलं.

"डाख सुटलाही असेल," ती म्हणाली. "इतके महिने झाले. गाडी पडली, आपटली. त्याआधीच सुटला असेल कुठेतरी. जराशी फट असेल."

"पोरी, आम्ही आत्ताच..."

"बघू या ना. तुम्हीच म्हणता, बघितल्याशिवाय बोलू नये." ती वळली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने भावाला हाक मारली. "दादा, मोरीतली बादली आण. भरून आण."

तो उठला. त्याने बादली आणून अंगणात ठेवली. ती तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. झाकणाला पेट्रोलचा वास येत होता, तरी तिने खाचेवर ओठ घट्ट दाबले, खालची बाजू पाण्यात बुडवली आणि गाल फुगवून फुंकर घातली. भाऊ एका बाजूने वाकला. दुसऱ्या बाजूला बुडबुडे गुडघे टेकून बसले.

एका बुडबुड्यासाठी त्यांनी जन्मभर डबे परत पाठवले होते. आता ते पाण्याकडे बघून मनातल्या मनात एकच मागत होते, एक येऊ दे. बारीकसा, टाचणीच्या डोक्याएवढा, पण एक येऊ दे.

सुनेचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ती फुंकत राहिली. पाणी शांत होतं. वर काहीच आलं नाही.